एका नावाच्या दोन नोंदी

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं.

एक शाळा सोडल्याचा दाखला. दुसरं डिस्चार्ज बुक. दोन्हीकडे मुलीचं नाव तेच, प्रज्ञा दयानंद सोनकांबळे. पण दाखल्यावरची प्रज्ञा डिस्चार्ज बुकातल्या प्रज्ञापेक्षा तीन वर्षांनी लहान होती.

दाखल्यावरची प्रज्ञा माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसली होती. शेजारी तिची आई, संगीताबाई. देवणीच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून यांचं गाव. मुलीनं लातूरला दोन वर्षं होस्टेलवर राहून नीटचा क्लास केला होता. मार्क चांगले होते, पण तिच्या प्रवर्गात अगदी काठावर. माजी सैनिकांच्या मुलांसाठी ज्या राखीव जागा असतात त्यातून नंबर लागेल असं तिला क्लासमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी आमच्या ऑफिसचं प्रमाणपत्र लागतं.

"सर, सोमवारी पाचपर्यंत अपलोड करायचंय," ती म्हणाली. "नंतर पोर्टल बंद होतं."

शनिवार, रविवार सुट्टी. म्हणजे हातात आजची उरलेली दुपार आणि सोमवारचा दिवस.

मी लातूरच्या सैनिक कल्याणाच्या ऑफिसात कल्याण संघटक आहे. त्याआधी सतरा वर्षं फौजेत क्लार्क होतो. दोन्ही ठिकाणी काम तेच, कागद तपासायचे. डिस्चार्ज बुक म्हणजे जवान फौजेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात मिळणारी पुस्तिका. त्यात एक पान कुटुंबाचं असतं. बायकोचं नाव, मुलांची नावं, जन्मतारखा. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना वाटतं, नवरा फौजेत होता म्हणून सवलती मिळतात. खरं तर त्या पानावर नाव आहे म्हणून मिळतात. दवाखान्याचं कार्ड असो, होस्टेल असो, कॉलेजची जागा असो की नवऱ्यामागं बायकोची पेन्शन असो, आधी ते पान उघडलं जातं.

दयानंद सोनकांबळे नाईक या हुद्द्यावर होते. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली. डोक्याला मार लागला, उजवी बाजू गेली आणि ते बोर्ड आऊट झाले. म्हणजे डॉक्टरांचं मंडळ बसलं आणि हा माणूस आता नोकरीला चालणार नाही असं लिहून त्याला घरी पाठवलं. ड्युटीवर असताना अपंगत्व आलेल्या जवानाच्या मुलांना या जागांत अग्रक्रम असतो. केस चांगली होती. फक्त तारीख आडवी आली होती.

"तवा लिव्हणाऱ्यानं चुकवलं आसंल साहेब," संगीताबाई म्हणाल्या. "तुम्ही ॲफिडेव्हिट करून द्या की."

यात काही विशेष नाही. माझ्या अर्ध्या फायलींत असले घोळ आहेत. कुठं लक्ष्मीची लक्ष्मीबाई झालेली असते, कुठं वडिलांच्या नावाची आणि आडनावाची अदलाबदल झालेली असते. मी मसुदा काढला आणि लिहायला घेतलं. सवयीनं नोंदीपुढचा पार्ट टू ऑर्डरचा नंबर बघितला. जवानाच्या घरात लग्न, जन्म, मृत्यू झाला की युनिट ते लेखी जाहीर करतं, त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. तिची प्रत फायलीत होती. जन्माचं ठिकाण होतं पंजाबातलं मिलिटरी हॉस्पिटल.

"बाळा, तुझा जन्म कुठला?" मी विचारलं.

"उदगीरचा सर. सरकारी दवाखान्यातला." तिनं प्लास्टिकच्या फोल्डरमधून जन्माचा दाखला काढून दिला. दाखला खरा होता.

मी पेन खाली ठेवलं. एकच मूल पंजाबात आणि उदगीरला जन्मत नाही.

माझ्या मनात पहिला विचार वाईट आला. भावाची मुलगी आपली म्हणून दाखवायची, असा प्रकार मी एकदा पकडलेला आहे. तेव्हा पोलिसांपर्यंत गेलं होतं. समोरची मुलगी माझ्याकडे बघत होती, तिला काहीच कळत नव्हतं. आईला कळलं होतं. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"प्रज्ञा, जा, ह्याचे दोन झेरॉक्स काढून आण," संगीताबाई म्हणाल्या. मुलगी गेली.

"ही माझीच हाय साहेब," त्या घाईनं म्हणाल्या. "पोटची हाय. पण ही दुसरी."

मग त्यांनी सांगितलं. झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडं आहे, त्यामुळं पाच-सात मिनिटांतच सांगितलं.

पहिली प्रज्ञा पंजाबात झाली, ते फॅमिली क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा. पुढं नवऱ्याची बदली डोंगरात झाली, आई-लेक गावी आल्या. ती सव्वा वर्षाची असताना अपघाताचा फोन आला. नवरा बेशुद्ध, मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलात. संगीताबाई मुलीला सासूजवळ ठेवून गेल्या. आठ महिने तिथंच राहिल्या. तिसऱ्या महिन्यात गावी मुलीला ताप भरला आणि दोन दिवसांत ती गेली.

"मला दीर घ्यायला आलते. मी म्हनलं, मी गेले तर हितं ह्यांना कोण बघणार? न्हाई गेले."

नवरा शुद्धीवर आला तो सारखा मुलीची चौकशी करायचा. डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलं होतं. बाईंनी सांगितलं, मामाकडं हाय. गावी आल्यावरही तेच सांगितलं. त्यांना काल घडलेलं आज आठवत नव्हतं. पुढं दुसरी मुलगी झाली. एक दिवस ते तिला मांडीवर घेऊन प्रज्ञा, प्रज्ञा म्हणायला लागले. घरातल्यांनी कुणी दुरुस्त केलं नाही. महिन्यांमागून महिने गेले, शाळेत घालायची वेळ आली, तेव्हा तेच नाव लागलं.

"आता त्येंचं डोकं पुष्कळ सुधारलंय. पण त्यांना ठावं हाय का न्हाई, आम्ही कवा इचारलं न्हाई. पोरीला तर काहीच ठावं न्हाई. तेवढं कुनाला सांगू नका साहेब."

मुलगी झेरॉक्स घेऊन आली.

मी फाईल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आमचे साहेब निवृत्त कर्नल. आवाज मोठा, पण कागद पूर्ण वाचणारा माणूस.

"बिरादार, यांना मुली किती?"

"दोन होत्या सर. थोरली लहानपणीच वारली. नाव दोघींचं एकच ठेवलं."

"मग थोरलीच्या मृत्यूची नोंद कुठं आहे?"

"युनिटला कळवलंच नाही सर. ते स्वतः बेशुद्ध होते."

"आणि ही?"

"डिस्चार्जनंतर जन्मली. म्हणून पुस्तकात नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "प्रमाणपत्र मी कुठल्या मुलीला देतोय हे मला कागदावर दिसलं पाहिजे. थोरलीचा मृत्यूचा दाखला आणा. वडिलांचं स्वयंघोषणापत्र आणा, तुमच्यासमोर सही केलेलं. सोमवारी सकाळी मी सही करतो. रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा प्रस्ताव मागाहून पाठवू."

वडिलांनाच हे माहीत नाही, एवढं मी बोललो नाही. बाईंनी कुणाला सांगू नका म्हटलं होतं. शिवाय साहेब तयार झाले होते, त्यांच्यापुढं नवी अडचण ठेवायची मला भीती वाटली. ही माझी चूक होती, पण ते नंतर.

घोषणापत्र मी तिथंच टाईप केलं. "माझी थोरली मुलगी प्रज्ञा ही वयाच्या दीड वर्षाच्या आत तापाने मयत झाली असून, त्यानंतर जन्मलेल्या मुलीचे नावही प्रज्ञा असे ठेवण्यात आले आहे." शेवटी नेहमीची ओळ: वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात आला व तो मला मान्य आहे. त्याखाली माझ्या सहीची जागा.

संगीताबाईंना मी बाजूला घेतलं. "मुलीला सांगावं लागेल. कागद तिच्या नावाचे आहेत, तिला दिसणारच."

त्यांनी मान हलवली. गावाकडच्या एसटीत त्यांनी मुलीला सांगितलं, असं मला नंतर कळलं.

शनिवारी सकाळी मी एसटीनं उदगीरला गेलो, तिथून देवणीची गाडी, पुढं काळी-पिवळी जीप. पूर्ण रस्ताभर मला मृत्यूच्या नोंदीची काळजी होती. खेड्यात लहान मूल गेलं तर पुष्कळदा कुणी नोंदच करत नाही. नोंद नसेल तर उशिरा नोंदणीचे आदेश, पंचनामे, साक्षीदार. त्यात महिने जातात. आमच्याकडे सोमवारी पाचपर्यंतचा वेळ होता.

ग्रामसेवकाकडं तीन गावांचा चार्ज. सुट्टीचा दिवस असूनही केवळ फोनवर विनंती केल्यावर तो बारा वाजता आला. कपाटातून जुनी रजिस्टरं काढली. संगीताबाई पायरीवर बसल्या, आत आल्याच नाहीत. ग्रामसेवक एकेक पान उलटायला लागला.

"कोणता महिना म्हणालात?"

"पोळ्याच्या पुढं-मागं," बाहेरून बाई म्हणाल्या.

त्या महिन्यात नव्हतं. पुढच्या महिन्यात नव्हतं. मी त्याला मागचा महिना बघायला लावला. तिथंही नाही. ग्रामसेवकानं माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आणखी दोन महिने पुढची पानं उघडली. पोलीस पाटलानं तीन-चार मृत्यू एकदम उशिरा आणून दिले होते. त्यात तिसरी नोंद. प्रज्ञा दयानंद सोनकांबळे. कारण, ताप. बापाचा धंदा या रकान्यात लिहिलं होतं, मिलिटरी.

"सापडली," मी म्हणालो. तोंडातून आनंदानं निघालं. बाहेर बसलेल्या बाईकडं बघितलं आणि मला लाज वाटली.

दाखल्यावर सही-शिक्का घेऊन आम्ही घराकडं निघालो. दारात मुलगी उभी होती. डोळे सुजलेले.

"सर, नका वाचू पप्पांसमोर," ती म्हणाली. "मला न्हाई पायजे कोटा. मी आजून एक वर्ष करते."

"गप बस," आई म्हणाली. "साहेब, वाचायचं कशाला? अंगठा घ्या. बँकेचे, दवाखान्याचे कितीक कागद आसतेत, ते इचारत न्हाईत."

खोटं कशाला बोलू, न वाचता सह्या मी नोकरीत पुष्कळ घेतल्यात. घाईत, गर्दीत, माणूस ओळखीचा म्हणून. पण हा कागद वेगळा होता. एक माणूस आपली मुलगी मेली असं जाहीर करणार आणि त्याला ते माहीतच नसणार. खाली मी लिहून देणार की वाचून दाखवलं. माझ्या हातानं ते होईना.

"वाचल्याशिवाय मी सही घेणार नाही," मी म्हणालो. "तुम्ही दोघींनी ठरवा. नाहीतर मी परत जातो."

मुलगी उंबऱ्याशी पायाचं बोट घासत उभी होती. मग बाई पदर सावरून आत गेल्या आणि आतून म्हणाल्या, "या."

दयानंद पलंगावर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दाढी केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी आत जाताच त्यांनी डाव्या हातानं सॅल्यूट केला.

"जय भीम साहेब."

"जय भीम, मेजर." आमच्याकडं गावात फौजेतल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मी युनिट विचारलं. त्यांनी नंबरसकट सांगितलं. सुभेदार कोण होता, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, रविवारी काय असायचं, सगळं. जीभ जड होती, पण अडखळले नाहीत. मला वाटलं होतं त्यापेक्षा हा माणूस फार शहाणा होता, आणि त्यानं माझी भीती वाढली.

"प्रज्ञाच्या कॉलेजचा कागद आहे," मी म्हणालो. "वाचून दाखवतो. पूर्ण ऐका."

मी वाचायला लागलो. नाव, सेना क्रमांक, गाव. मग ती ओळ आली. मी ती ओळ हळू वाचली, थांबलो नाही. शेवटपर्यंत वाचून कागद खाली केला.

ते भिंतीकडं बघत होते. छतावरचा पंखा टकटक करत होता. मुलगी दाराला टेकून उभी, तिनं दोन्ही हात तोंडावर धरले होते.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

त्यांनी बायकोकडं बघितलं. "तापच होता का?"

"हाव," संगीताबाई म्हणाल्या.

"तू नव्हतीस तिथं."

"न्हाई. तुमच्यापशी होते."

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा तसाच कोरडा होता. दुखापतीनं तसं होतं, पण बघवत नाही. मग त्यांनी मुलीला हात करून जवळ बोलावलं.

"मंग तुझं नाव काय ठिवलं होतं?"

"प्रज्ञाच, पप्पा," ती म्हणाली. "तुम्हीच ठिवलं."

त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं. मी स्टँप पॅड पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. डाव्या हातानं सही करायला त्यांना तीन-चार मिनिटं लागली. एकेक अक्षर. कागद घसरत होता, मुलीनं तो धरून ठेवला. सही झाल्यावर ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी चहा न घेता निघालो.

सोमवारी साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि साडेअकराला सही केली. प्रज्ञा सकाळीच लातूरला आली होती. नेट कॅफेत पोर्टल फिरत राहिलं. एकदा फाईल मोठी आहे म्हणून परत आली, एकदा लॉगिनच सुटलं. मी ऑफिसातून दर अर्ध्या तासाला फोन करत होतो. पावणेचारला तिचा मेसेज आला, अपलोड झालं. मी त्या दिवशी जेवलोच नव्हतो हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या फेरीत तिचा नंबर लागला. नांदेडला, एमबीबीएस.

पुढं काही महिन्यांनी संगीताबाई एकट्याच आल्या. रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्तीचं पत्र आलं होतं, आता मुलीचं दवाखान्याचं कार्ड काढायचं होतं. मी फॉर्म भरून दिला आणि न राहवून विचारलं, "मेजर कसे आहेत?"

"पंधरा दिवस माझ्याशी बोलले न्हाईत," त्या म्हणाल्या. "जेवायला पोरगी घालायची. मंग एक दिवस म्हनले, कुठं ठिवली ती जागा दाव. दिरानं गाडीवर नेलं. आता तिथं दुसऱ्याचं सोयाबीन हाय. बांधावर तासभर बसले. तवापासून बोलतेत. थोरलीचं इचारतेत, चालायला कवा लागली, काय खायची. मलाबी सांगावं वाटतंय. इतकी वर्षं तिचं नाव घेता येत नव्हतं." मग फॉर्मची घडी घालत म्हणाल्या, "तुमच्यावर लई राग आलता साहेब त्या दिवशी."

"अजून आहे का?"

"थोडा हाय," त्या म्हणाल्या आणि फॉर्म घेऊन गेल्या.

त्या दिवशी मी साहेबांना सगळं सांगितलं. वडिलांना माहीत नव्हतं, मला वाचून दाखवावं लागलं. साहेबांनी फाईल बंद केली. "मेडिकल बोर्डाच्या कागदात स्मृतीचं लिहिलेलं होतं. तसं सांगितलं असतंत तर पत्नीचं घोषणापत्र मी चालवून घेतलं असतं."

"मी सांगितलंच नाही सर."

"नाही सांगितलंत," ते म्हणाले, आणि पुढची फाईल घेतली.

बरं झालं की वाईट झालं, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या घरात थोरलीचं नाव पुन्हा निघायला लागलं, हे चांगलंच. पण ते माझ्या शहाणपणानं झालं असं मी म्हणणार नाही. साहेबांना एक प्रश्न विचारायचा माझ्याकडून राहिला आणि एका माणसाला त्याची किंमत डाव्या हातानं सही करून द्यावी लागली.

तेव्हापासून गावोगावच्या मेळाव्यांत सवलतींची यादी वाचायच्या आधी मी एकच गोष्ट सांगतो. डिस्चार्ज बुकातलं कुटुंबाचं पान घरी जाऊन उघडा. बायकोचं नाव, मुलांची नावं, तारखा तपासा. डिस्चार्जनंतर जन्मलेलं मूल राहिलं असेल तर घाला. कुणी गेलं असेल तर तेही कळवा. लोकांना जन्म कळवायचं पटतं, दुसरं पटत नाही. मी आग्रह धरतो. नोंद लांबवता येते, टाळता येत नाही. आणि लांबवलेली नोंद शेवटी कुणालातरी समोर बसवून वाचून दाखवावी लागते.